मधला पट्टा

७ सप्टेंबर, रविवार

पुन्हा सातवी. पाचव्या-सहाव्या फेरीपर्यंत पोरगी दुसरी होती, पुढच्या गाडीच्या डिकीला नाक लावून. मग जी मरगळली ती मरगळलीच. एकेक जण बाजूने निघून गेला आणि आम्ही कठड्याशी उभे राहून नुसते बघत बसलो.

पोरगी म्हणजे माझी नणंद. घरात तिला भिंगरी म्हणतात, आता रेसच्या यादीतही तेच छापतात. गाडी ती चालवते, तिचा भाऊ म्हणजे माझा नवरा टीम सांभाळतो, इंजिनाचं सगळं मेकॅनिककाका बघतात, आणि टायर माझ्याकडे. आठवडाभर रंगाच्या कारखान्यात बॅचची तापमानं घेणाऱ्या बाईला रविवारी टायरची तापमानं घ्यायला लावायचं, ही कल्पना नवऱ्याचीच. मला ती आवडली होती. अजूनही आवडते, हेच तर वाईट आहे.

गाडी पिटमध्ये आली रे आली की पळायचं आणि गरम रबरात थर्मामीटरची सुई टोचायची. प्रत्येक टायरला तीन ठिकाणी: आतली कड, मधला पट्टा, बाहेरची कड. तिन्ही आकडे जवळजवळ सारखे आले तर टायर पूर्ण रुंदीने रस्ता धरून आहे असं समजायचं. आमच्या ट्रॅकवर मोठी वळणं सगळी उजवीकडची, त्यामुळे मार खातो तो पुढचा डावा. आज त्याच्या कडा नव्वदच्या आसपास आणि मधला पट्टा एकशे आठ. रबर बोटाला चिकटत होतं. एवढं तापलं की टायर पकडत नाही, नुसता वाहत जातो.

‘खाते ती टायर,’ नवरा म्हणाला. ‘अंगात येतं तिच्या.’

गाडीचे मालक आरडाओरडा करतील म्हणून मी तयार होते. ते ओरडले नाहीत. गाडीच्या टपावर हात ठेवून एवढंच म्हणाले, ‘दोन रेस उरल्यात. एकदा तरी पहिल्या तिघांत दिसू दे. नाहीतर पुढच्या हंगामात मला दुसरा ड्रायव्हर बघावा लागेल.’ भिंगरी हेल्मेट काढत होती, तिने ऐकलं. चेहरा मात्र दगडासारखा ठेवला.

आणि आमचा नवरा! स्टार्टच्या आधी रांगेत उभ्या गाडीशी जातो, चारही टायरांशी वाकतो, काहीतरी करतो, आणि दिवे लागायच्या आत पाठ फिरवून ट्रकच्या मागे चहाला पसार. बहिणीचा एकही स्टार्ट याने बघितलेला नाही. दोन वर्षांपूर्वी गाडीतली ती जागा याची होती. गाडी पलटल्यापासून डावा हात खांद्याच्या वर जात नाही. मला वाटतं याला तिचं बघवत नाही. असं लिहू नये, पण दुसरीकडे कुठे लिहू?

सासूबाई ट्रॅकवर येत नाहीत. दार उघडून त्यांचा एकच प्रश्न: ‘चारही चाकांवर उभी आहे ना?’ हो म्हटलं. मग त्या झोपायला गेल्या.

९ सप्टेंबर

आज भिंगरी आली होती. मी आकडे तिच्या पुढ्यात ठेवले. म्हटलं, बघ, सगळीकडे मधला पट्टा पेटलाय. तू वळणात गाडीशी मारामारी करतेस.

‘वहिनी, मारामारी केली तर कडा तापतील. मधला का तापेल?’

मुद्दा बरोबर होता. मला लगेच पटला आणि म्हणूनच राग आला. मी म्हटलं, मग हवा जास्त होऊन टायर मधे फुगला असणार, आणि हवा मी स्वतः भरते, चोवीस पाउंड, गेजवर डोळा लावून, म्हणजे हवा जास्त असूच शकत नाही. फिरून सगळं तुझ्याकडेच येतं.

‘तूपण?’ ती म्हणाली. ‘दादा म्हणतो ते ठीक आहे. त्याला माझं काहीच पटत नाही. पण तूपण?’

चहा तसाच टाकून गेली. सासूबाईंनी तो कप उचलून आत नेला आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू गाडी मीच पलटवली.

१३ सप्टेंबर, शनिवार

सरावाचा दिवस. शनिवारी नवऱ्याच्या गॅरेजमध्ये गिऱ्हाइकांची गर्दी असते, त्यामुळे तो आला नाही. काका, भिंगरी आणि मी. भिंगरी माझ्याशी कामापुरतं बोलत होती. मीही कामापुरतंच बोलले, पण काम मात्र मन लावून केलं.

चोवीस पाउंड भरले आणि तिला सलग पंधरा फेऱ्या मारायला सांगितल्या, रेसमध्ये असतात तेवढ्याच. ती परत आली तेव्हा आतली कड शहाण्णव, मधला त्र्याण्णव, बाहेरची एक्क्याण्णव. असे आकडे आले की जेवण चांगलं जातं मला. गरम टायरमधली हवाही मोजली, बत्तीस झाली होती, हवी तेवढीच. आणि शेवटची फेरी पाचव्या-सहाव्या फेरीइतकीच वेगात.

‘आता सांग,’ ती गाडीतूनच म्हणाली, ‘मी टायर खाते?’

‘सरावात नाही खात. रेसमध्ये खातेस.’

‘मी दोन्हीकडे सारखीच चालवते.’

काका पान्हे पुसत होते. काही बोलले नाहीत. तसे ते एरवी दर दोन मिनिटांनी काहीतरी बोलतात.

१५ सप्टेंबर

गेज कारखान्यात नेऊन तपासलं. बिनचूक आहे. सुई तपासली, तीही. उगाच दोन दिवस घालवले, पण आता यांच्यावर खापर फोडता येणार नाही.

सराव आणि रेस, दोन्हीत मग फरक काय? तोच ट्रॅक, तीच मुलगी, तेच टायर, तीच मी. गर्दी असते, भोंगे असतात, रांगेत उभं राहावं लागतं, नवरा असतो. यातल्या कशानेही रबराचा मधला पट्टा तापत नाही. मी काही हे सोडणार नाही. मालकांना ड्रायव्हर बदलायचा असेल तर खुशाल बदलू दे, पण तिने टायर खाल्ले हे आधी सिद्ध व्हायला हवं.

२१ सप्टेंबर, रविवार

पाचवी. आठव्या फेरीपर्यंत तिसरी होती. घसा बसलाय माझा.

मधला पट्टा एकशे सहा. या वेळी मी शहाणपणा करून गरम टायरमधली हवाही मोजली. छत्तीसच्या वर! सरावात बत्तीस होती. आधी वाटलं ऊन. पण आज ढग होते, रस्ता त्या शनिवारपेक्षा गारच होता. मग मी एक केलं. सगळं आवरून होईपर्यंत त्या चार टायरांना हात लावू दिला नाही. ट्रेलरवर गाडी चढवायच्या आधी, रबर पार गार झाल्यावर, गेज लावलं.

सत्तावीस. चारही टायरांत.

सकाळी मी चोवीस भरले होते. तापल्यावर हवा वाढते आणि गार झाल्यावर मूळ जागी येते. तीन पाउंड जास्त येतात कुठून? हवेला काही पाय फुटत नाहीत. कोणीतरी भरली.

पहिला संशय शेजारच्या टीमवर गेला, हे कबूल करते. त्यांचा तो गॉगलवाला मला कधीच आवडलेला नाही. तावातावाने काकांकडे गेले आणि म्हटलं, आपल्या गाडीला रांगेत कोण हात लावतं?

काकांनी हत्यारांचा खोका बंद केला, परत उघडला, परत बंद केला. ‘वहिनी, मी नटबोल्टचा माणूस. हवेचं घरी विचारा.’

घरी.

२२ सप्टेंबर

विचारलं नाही. तो समोर बसून जेवला, मी समोर बसून जेवले. उत्तर काय येईल त्याची धास्ती वाटते. रांगेत सगळ्यांकडे हवेची छोटी टाकी असते, आमची त्याच्या हातात असते. स्वतःच्या बहिणीच्या गाडीत हवा भरून तिला मागे ओढायचं आणि वर म्हणायचं, ती टायर खाते. असा माणूस असेल तर मी काय करायचं?

उद्या विचारणार.

२३ सप्टेंबर

कारखान्यातून थेट गॅरेजवर गेले. शेवटचं गिऱ्हाईक जाईपर्यंत बाकावर बसून राहिले. तो एका गाडीचं चाक काढत होता, उजव्या हाताने, डावा नुसता आधाराला.

‘रांगेत हवा तू भरतोस?’

‘हो.’

एवढं सरळ. मी भांडणाची सगळी जुळवाजुळव करून गेले होते, ती वाया गेली. ‘का?’ म्हटलं.

‘पहिल्या फेरीसाठी.’ पान्हा खाली ठेवला त्याने. ‘कमी हवेचा गार टायर मऊ असतो. वळणात मुरडतो. तापेपर्यंत त्याचा भरवसा नाही. तीन पाउंड जास्त असले की पहिल्या वळणापासून पकडतो.’

‘आणि सातव्या फेरीला मरतो.’

‘मरू दे.’

‘मरू दे काय? तिची जागा जाते आहे!’

‘माझी गाडी पलटली ती पहिल्याच फेरीत. तिसऱ्या वळणावर. चोवीसच होती हवा. मीच भरलेली.’ त्याने हात फडक्याला पुसले. ‘ती सातवी येऊन गाडीतून उतरते, हेल्मेट आपटते, मला शिव्या देते. मला चालतं ते. मला तेच हवंय.’

‘ती हरली तरी चालेल तुला?’

‘चालेल,’ तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. लग्नाला अकरा वर्षं झाली, दवाखान्यातही रडला नव्हता हा माणूस.

वर मी जे लिहिलंय ते वाचून आता लाज वाटते. याला तिचं बघवत नाही म्हणाले. बघवत नाही ते खरंच, पण मला वाटलं होतं त्या कारणाने नाही.

तरी राग आहेच. इतके महिने त्या मुलीने सगळ्यांचं ऐकून घेतलं. आणि हा मूग गिळून बसला. वर टायर खाते म्हणाला! ते मी त्याला ऐकवलं, जरा मोठ्या आवाजात. शेजारच्या दुकानदाराने शटर ओढायचं थांबवून ऐकलं.

२४ सप्टेंबर

कामात लक्ष नव्हतं. एक गोष्ट डोक्यातून जात नाही. मी तापमान घेते ते गाडी आत आल्यावर, म्हणजे शेवटच्या फेरीचं. पहिल्या फेरीचं तापमान मी आजवर एकदाही घेतलेलं नाही. मी रेसचा शेवट मोजत होते आणि तो रेसची सुरुवात. मी माझ्या आकड्यांवर एवढी ऐटीत बसले होते, आणि निम्मी रेस माझ्याकडे नव्हतीच.

शनिवारी घेणार.

२७ सप्टेंबर, शनिवार

आज गिऱ्हाइकांना नाही सांगून नवराही आला. मी चोवीस भरले. एक फेरी मारून भिंगरीला आत बोलावलं, सुई टोचली: एकेचाळीस. परत पाठवलं, बोलावलं: साठ. ऐंशीच्या पुढे जायला चौथी फेरी उजाडली. चाळीस अंशाला हे रबर म्हणजे बुटाचा तळवा. त्याची भीती खोटी नाही. हे मी त्याला स्पष्ट सांगितलं. तो नुसता आकड्यांकडे बघत राहिला.

मधला मार्गही काढून पाहिला, साडेपंचवीस. दहाव्या फेरीनंतर मधला पट्टा पुन्हा पेटला. म्हणजे चोवीसच, आणि पहिल्या दोन-तीन फेऱ्या जपून. स्टार्टच्या आधीच्या संथ फेरीत गाडी नागमोडी घ्यायची, ब्रेकवर पाय ठेवून चाकं तापवायची, आणि मग कोणी पुढे गेलं तर जाऊ द्यायचं. भांडायचं नाही.

‘जाऊ द्यायचं?’ भिंगरी म्हणाली. ‘आणि हे सारखं आत-बाहेर कशासाठी चाललंय आज?’

मी नवऱ्याकडे बघितलं. त्याने टायरकडे बघितलं. घरी यायला निघताना म्हणाला, ‘मी सांगतो तिला. मला सांगू दे.’ बरं म्हटलं.

१ ऑक्टोबर

सांगितलं नाही.

आज ती घरी आली आणि जे बोलली त्याने मला खाली बघावं लागलं. ‘वहिनी, मी विचार केला. तू एवढी मेहनत घेतेस, तुझे आकडे खोटे कशाला असतील? खात असेन मी टायर. कळत नसेल मला. रविवारी हळूच चालवते, निदान तुमची गाडी धड परत येईल.’

माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. तो दारात उभा होता, पांढराफटक.

ती गेल्यावर मी त्याला सांगितलं: रविवारी दिवे लागायच्या आत तू बोलला नाहीस तर मी बोलेन. आणि मी सांगितलं तर तुझी बाजू घेऊन नाही सांगणार.

त्याने मान हलवली. सासूबाई आतून म्हणाल्या, ‘कसली बाजू?’

५ ऑक्टोबर, रविवार

हात अजून काळे आहेत. धुतले तरी निघत नाहीत.

सकाळी चोवीस भरले. गाड्या रांगेत लागल्या, आमची सहावी. मी या वेळी रांगेत गेले. तो टाकी घेऊन आला, पुढच्या डाव्या टायरशी गुडघे टेकले, झाकण काढलं आणि हवा भरायला लागला. माझ्यासमोर! मी ओरडणार तेवढ्यात बघितलं, त्याच्या हाताला जणू काही कळतच नव्हतं. सवयीने चालला होता तो हात. मग थांबला. उठून खिडकीशी गेला.

‘भिंगरे, ऐक. तू टायर खात नाहीस. मी दर रेसला तीन पाउंड जास्त भरतो. तुला न सांगता. पहिल्या फेरीत तू पलटू नयेस म्हणून.’

हेल्मेटच्या फटीतून तिचे नुसते डोळे दिसत होते. गाड्यांचा एवढा आवाज होता की मला वाटलं तिला ऐकूच गेलं नाही.

‘दर रेसला?’ तिने विचारलं.

‘दर रेसला. आत्ता या एकात भरली आहे. सांग किती ठेवू. तू म्हणशील तेवढी ठेवतो.’

ती माझ्याकडे वळली. ‘वहिनी?’

‘चोवीस,’ मी म्हटलं. ‘पण पहिल्या दोन फेऱ्या गाडी घसरेल. हा म्हणतो ते खरं आहे. मी मोजलंय.’

‘चोवीस,’ ती त्याला म्हणाली आणि हेल्मेटची काच खाली केली.

तो परत टायरशी बसला, गेज लावलं आणि हवा सोडली. स्वतःच्या हाताने. ती फुस्स करून जाताना त्याने डोळे मिटले होते. मी घाई केली नाही. रांगेतल्या माणसाने शिट्टी मारली तेव्हा तो उठला आणि आम्ही दोघं कठड्याशी आलो. चहाला गेला नाही.

दिवे लागून विझले, गाड्या सुटल्या. आता खरं लिहिते. पहिल्या फेरीत मी मान खाली घातली. इतके दिवस चोवीस, चोवीस म्हणून नाचणारी मी, बुटांकडे बघत उभी होते, आणि तो बघत होता. ‘दुसरं वळण,’ तो म्हणायचा. ‘तिसरं. मागचं चाक सुटलं. धरलं. धरलं तिने.’ माझं मनगट त्याने एवढं आवळलं होतं की अजून दुखतंय. दुसऱ्या फेरीलाही तोच सांगत होता. तिसऱ्या फेरीला मी मान वर केली तेव्हा ती दहावी होती.

मालक येऊन उभे राहिले. ‘दहावी?’ एवढंच म्हणाले. मी म्हटलं, थांबा. मालकांना थांबा म्हणायची माझी काय पायरी, पण म्हटलं.

पाचव्या फेरीला नववी. सातव्याला सातवी. आणि मग पुढच्यांचे टायर मरायला लागले. गेल्या रेसपर्यंत आमची गाडी जशी मरगळायची तशा त्या गाड्या मरगळल्या, आणि आमची पोरगी मोठ्या वळणात बाहेरून, अगदी शांतपणे, एकेकाला मागे टाकत निघाली. कुठे मारामारी नाही, काही नाही. गॉगलवाल्यांची गाडी तिने बाराव्या फेरीला गाठली तेव्हा मी जे ओरडले ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटच्या फेरीला चौथी होती. शेवटून दुसऱ्या वळणावर पुढच्याची गाडी थोडी बाहेर वाहत गेली, तेवढ्या फटीतून ती आत घुसली.

तिसरी.

काका भर पिटमध्ये बसकण मारून बसले. मालकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. ‘पुढच्या हंगामाचं उद्या बोलू,’ म्हणाले, ‘पण ड्रायव्हर बदलायचा विषय नको.’ मग मला म्हणाले, ‘पुढच्या वेळी थांबा म्हणताना जरा हळू म्हणा.’

भिंगरी गाडीतून उतरली, हेल्मेट काढलं आणि सरळ दादापुढे येऊन उभी राहिली. मला वाटलं मारते आता. केस घामाने चिकटले होते.

‘तिसऱ्या वळणावर गाडी सुटली होती माझी,’ ती म्हणाली.

‘बघितलं.’

‘मीपण घाबरले होते.’

तो पुढच्या डाव्या टायरकडे बघत राहिला.

‘ऐक दादा. पुढच्या हंगामातही हवा तूच बघायची. दुसरं कोणी नको मला. पण भीती वाटली की मला येऊन सांगायचं. टायरात भरायची नाही.’

त्याने मान हलवली आणि उजव्या हाताने तिला जवळ ओढलं. डावाही वर यायचा प्रयत्न करत होता, जमेल तेवढा आला. मग तिने मलाही ओढलं, आणि आम्ही तिघं तसेच उभे राहिलो, लोकांना ये-जा करायला अडथळा करत, किती वेळ कोण जाणे.

घरी येऊन सासूबाईंना सगळं सांगून झालं, आणि हे लिहायला बसले तेव्हा लक्षात आलं की टायरची तापमानं घ्यायची राहिलीच.